मृग लागतो तेव्हा मृग कुठे असतो?

जूनच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात पारावरच्या गप्पा एकाच विषयावर येऊन थांबतात. मृग कधी लागतोय आणि यंदा वाहन कोणतं, बेडूक, म्हैस की कोल्हा? पंचांगात ७ किंवा ८ जून लिहिलेलं असतं, आणि पेरणीची घाई असलेला शेतकरी त्या तारखेवर नजर ठेवून असतो.

आता समजा त्या रात्री आकाशात एकही ढग नाही. अंगणात खाट टाका आणि मृग नक्षत्र शोधा. संध्याकाळी सापडणार नाही, मध्यरात्री नाही आणि पहाटेही नाही. खरं तर ओळखायला इतकं सोपं दुसरं नक्षत्र नाही. चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा सरळ बाण, आणि बाणाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की तो सोडणारा व्याध. जानेवारी-फेब्रुवारीत हे सगळं संध्याकाळी शहरातल्या गच्चीवरूनही दिसतं. ‘मृग लागला’ म्हणतात त्याच पंधरवड्यात ते गायब कसं होतं?

मृग दिवसा उगवतो

‘नक्षत्र लागलं’ याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला. जूनमध्ये आपल्याकडून पाहिलं तर सूर्य मृगाच्याच दिशेला असतो. मृग सूर्याबरोबर उगवतो, दिवसभर आपल्या डोक्यावरून जातो आणि सूर्याबरोबर मावळतो. तो असतो, फक्त उजेडात बुडालेला असतो.

हे नीट उमजायला घरातलीच एक गोष्ट घ्या. चौकोनी खोलीच्या मधोमध समई लावली आहे, बाकी दिवे बंद आहेत, आणि चारही भिंतींवर तसबिरी आहेत. तुम्ही समईभोवती गोल फिरता आहात. समईकडे तोंड केलंत तर ज्योतीच्या नेमकी मागे असलेली तसबीर डोळे दिपल्यामुळे दिसत नाही. समईकडे पाठ केलीत की समोरच्या भिंतीवरची तसबीर स्वच्छ दिसते. चार पावलं पुढे सरकलात की ज्योतीमागे दुसरी तसबीर येते आणि मघाची लपलेली कडेने डोकावू लागते. समई म्हणजे सूर्य, तसबिरी म्हणजे नक्षत्रं आणि फिरणारे आपण म्हणजे पृथ्वी. एक फेरी पूर्ण व्हायला एक वर्ष लागतं. समईकडे पाठ असण्याची वेळ म्हणजे आपली मध्यरात्र.

सूर्याच्या या वार्षिक वाटेचे आपल्या पूर्वजांनी २७ सारखे भाग केले. ३६० अंश भागिले २७, म्हणजे प्रत्येकी १३ अंश २० कला. सूर्य रोज जेमतेम एक अंश सरकतो, म्हणून एका नक्षत्रात तो १३-१४ दिवस राहतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाळी नक्षत्रं शेतकऱ्याच्या तोंडी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने येतात ती यामुळेच. सूर्यामागची भिंत दिसत नसतानाही तिथे कोणती तसबीर आहे हे त्या लोकांनी ओळखलं, मला यातच त्यांची खरी कमाल वाटते. त्यासाठी सूर्यास्तानंतर पश्चिमेला पहिलं कोण मावळतं आणि पहाटे सूर्याआधी पूर्वेला शेवटचं कोण उगवतं याची नोंद पिढ्यान् पिढ्या ठेवावी लागली असणार.

चार मिनिटांचा फरक

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २४ तासांत घेते असं आपण शाळेत शिकतो. ताऱ्यांच्या हिशेबाने ही फेरी २३ तास ५६ मिनिटांतच पुरी होते. पण तेवढ्या वेळात पृथ्वी आपल्या कक्षेवर सुमारे एक अंश पुढे गेलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला आणखी अंशभर वळावं लागतं, आणि त्याला चार मिनिटं लागतात. आपलं घड्याळ सूर्याचं आहे, म्हणून प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो.

चार मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण महिन्यात त्यांचे दोन तास होतात. १ जानेवारीला रात्री दहा वाजता जे आकाश दिसलं, तेच १ फेब्रुवारीला आठ वाजता दिसेल. एवढं एक सूत्र हाताशी असलं की तारकानकाशा कुठल्याही वेळेसाठी वापरता येतो. मृगाचंच पाहा. डिसेंबरच्या मध्याला तो दिवेलागणीला पूर्वेकडून वर येतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास माथ्याजवळ पोचतो. फेब्रुवारीत तो साडेआठलाच माथ्याजवळ असतो, एप्रिलअखेर अंधार पडतो तेव्हा पश्चिमेकडे कललेला आणि मे संपता संपता संधिप्रकाशात दिसेनासा होतो. जुलैत तो पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतो, म्हणजे दिसायला हवा. पण त्या वेळी आपल्याकडे दिवसाही डोंगर दिसत नाहीत, तारे कुठून दिसणार!

दत्तजयंतीची पडताळणी

पंचांगाचा हा हिशेब खरा की खोटा, हे घरबसल्या तपासता येतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य जूनमध्ये मृगात असेल, तर सहा महिन्यांनी पौर्णिमेचा चंद्र मृगापाशी यायला हवा. त्या महिन्याचं नाव मार्गशीर्ष, आणि त्याची पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. त्या रात्री वर पाहा, पूर्ण चंद्र मृगाच्या उत्तरेला, रोहिणी आणि मृग यांच्या परिसरात असतो. काही वर्षी थोडा अलीकडे, काही वर्षी थोडा पलीकडे. चैत्री पौर्णिमेला चित्रा, कार्तिकीला कृत्तिका, अशीच बाकीच्या महिन्यांचीही नावं पडली आहेत.

चंद्राची चाल मात्र सूर्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. तो ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो आणि २७.३ दिवसांत फेरी पुरी करतो, म्हणजे जवळजवळ रोज एक नक्षत्र. एका तासात तो आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा हलतो. एखाद्या ठळक ताऱ्याजवळ चंद्र असेल त्या रात्री जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा पाहिलं तरी हे कळतं. याच चालीमुळे तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास, आणि तीन-चार दिवसांनी संकष्टीला नऊच्या आगेमागे. संकष्टीचा चंद्रोदय नागपुरात मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी होतो. नागपूर सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे, आणि अंशाला चार मिनिटं हा हिशेब इथेही लागू पडतो. मुंबईतल्या उपवासकऱ्यांनी नागपूरच्या नातेवाइकांचा हेवा करायला हरकत नाही.

तारीख सरकते

मृग ७-८ जूनला लागतो हे काही त्रिकालाबाधित नाही. पृथ्वीचा आस स्थिर नसून तो अवकाशात सावकाश गोल फिरतो, आणि एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रं यांची सांगड ७२ वर्षांत एक अंशाने, म्हणजे साधारण एका दिवसाने, ढळते. याला संपातचलन म्हणतात. सहाव्या शतकात, वराहमिहिराच्या काळी, सूर्य मृगात ऋतूंच्या हिशेबाने आजच्यापेक्षा सुमारे वीस दिवस आधी पोचत असे. मकर संक्रांतीचंही तेच. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती (स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा), आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. यातला काही भाग १९०० हे लीप वर्ष नव्हतं म्हणून आहे, काही संपातचलनाचा.

लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हे पुस्तक लिहिलं ते याच गणितावर. एके काळी सूर्य मृगात असताना वसंतसंपात होत असे, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे होत, असे उल्लेख वैदिक वाङ्मयात आहेत असं त्यांचं प्रतिपादन होतं. आज वसंतसंपात २१ मार्चच्या सुमारास होतो आणि तिथून मृगाच्या डोक्यापर्यंत सूर्याला सुमारे ८४ अंश जावं लागतं. ८४ गुणिले ७२ केले की सहा हजार वर्षं होतात, आणि काळ येतो इसवी सनपूर्व ४००० च्या आसपास. ऋचांचा टिळकांनी लावलेला अर्थ सगळे विद्वान मानत नाहीत. आकाशाच्या गणिताबद्दल मात्र वाद नाही, ते कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन करता येतं.

ध्रुवाचं अढळपदही याच फिरण्यामुळे तात्पुरतं आहे. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून एक अंशाहूनही कमी अंतरावर आहे आणि २१०० च्या सुमारास तो सर्वांत जवळ असेल. आणखी बारा हजार वर्षांनी ध्रुवबिंदूजवळचा ठळक तारा अभिजित असेल.

वीत, मूठ, करंगळी

आकाशात अंतर सांगायची मोठी पंचाईत होते. ‘त्या ताऱ्याच्या दोन फूट वर’ असं लोक सांगतात, आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. आकाशातलं अंतर अंशांतच सांगावं लागतं, आणि त्यासाठी हात पुरतो. हात कोपरात न वाकवता समोर ताणायचा आणि एक डोळा मिटायचा. लहान मुलांचा हात लहान असला तरी तो डोळ्यापासूनही तेवढाच जवळ असतो, म्हणून हे माप सगळ्यांना जवळपास सारखंच लागू पडतं.

> चौकट: हाताची मापं (हात पूर्ण ताणलेला)
> करंगळीची रुंदी: १ अंश
> मधली तीन बोटं जुळवून: ५ अंश
> बंद मूठ: १० अंश
> ताणलेली वीत: सुमारे २० अंश
> पूर्ण चंद्र: अर्धा अंश, म्हणजे अर्ध्या करंगळीमागे झाकला जातो
> क्षितिजापासून माथ्यापर्यंत: ९० अंश, म्हणजे नऊ मुठी

चंद्र अर्ध्या करंगळीमागे मावतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. उगवताना तो परातीएवढा वाटतो ना! तेव्हाही करंगळी धरून पाहा. तो तेवढाच असतो, मोठेपणा मेंदू देतो.

आता हेच माप ध्रुवाला लावू. पृथ्वीच्या उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर ध्रुवतारा माथ्यावर दिसतो, विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकतो. मधल्या कुठल्याही गावी त्याची उंची त्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस, पणजीत साडेपंधरा. म्हणजे पुण्यात उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी रचल्या की दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेपाशी ध्रुव सापडायला हवा. फार झगझगीत तारा शोधू नका. ध्रुव सर्वांत तेजस्वी तारा आहे हा समज जितका पसरलेला आहे तितकाच चुकीचा आहे, निदान चाळीस तारे त्याच्यापेक्षा ठळक आहेत. उन्हाळ्यात सप्तर्षींचे पुलह आणि क्रतू जोडणारी रेघ पाचपट वाढवून तो शोधतात. आपल्याकडून सप्तर्षी मावळतात, म्हणून नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते दिसत नाहीत. तेव्हा ध्रुवाच्या विरुद्ध बाजूची, इंग्रजी ‘एम’च्या आकाराची शर्मिष्ठा कामाला येते.

दक्षिणेकडे जितकं जावं तितका ध्रुव खाली येतो आणि दक्षिणेचे तारे वर चढतात. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या पुढे पुण्यात बरोबर दक्षिणेला तोंड करून उभे राहा. क्षितिजापासून एकोणीस अंशांच्या आत-बाहेर अगस्ती दिसेल, व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच क्षणी पाठीमागे, उत्तरेला, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर ध्रुव असतो. हा योग पुण्याच्या अक्षांशाचा आहे. दिल्लीत अगस्ती नऊ अंशांच्या वर जात नाही आणि लंडनमध्ये तो कधीच उगवत नाही.

लहान आकडा, मोठा तारा

ताऱ्यांच्या तेजाला ‘प्रत’ म्हणतात, आणि हा हिशेब उलटा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने सर्वांत ठळक ताऱ्यांना पहिल्या प्रतीचे आणि डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्यांना सहाव्या प्रतीचे म्हटल्याचं मानतात. पुढे मोजमाप अचूक झालं तरी उलटा क्रम तसाच राहिला. १८५६ साली नॉर्मन पॉगसन याने त्याला पक्कं गणित दिलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक, एका प्रतीला सुमारे अडीच पट. हा पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि मरेपर्यंत तिथेच काम करत राहिला. तिथून शोधलेल्या लघुग्रहाला त्याने ‘एशिया’ नाव दिलं.

फारच तेजस्वी वस्तूंसाठी आकडा शून्याच्या खाली जातो. व्याध उणे १.४६, पौर्णिमेचा चंद्र उणे १२.७. ध्रुव सुमारे दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे व्याध त्याच्या चोवीस पट ठळक.

आपल्या गच्चीवरून कितव्या प्रतीपर्यंत दिसतं हे कृत्तिका सांगतात. हिवाळ्यात रोहिणीच्या वायव्येला हा लहानसा पुंजका शोधा आणि तारे मोजा. सहा मोजता आले तर सव्वाचार प्रतीपर्यंतचं आकाश शाबूत आहे. मोठ्या शहरात बहुतेकांना धुरकट ठिपका किंवा दोन-तीन तारे दिसतात. नुकसान ताऱ्यांचं झालेलं नसतं. रस्त्यावरच्या दिव्यांचा वर जाणारा उजेड हवेतल्या धुळीवरून परत येतो आणि आकाशाची पार्श्वभूमीच उजळते. दिवे झाकले, त्यांची तोंडं खाली केली, की हे बरंचसं सुधारतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पात आणि आसपासच्या गावांत तसे दिवे बसवले गेले आणि २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. मुंबईकर मात्र तारे पाहायला अजून वांगणीची लोकल पकडतात.

लुकलुकत नाही तो ग्रह

सूर्याच्या ज्या वाटेबद्दल वर बोललो तिला क्रांतिवृत्त म्हणतात. चंद्र आणि सगळे ग्रह याच वाटेच्या आसपास, अरुंद पट्ट्यात फिरतात. म्हणून सप्तर्षींमध्ये किंवा व्याधाशेजारी कधी ग्रह दिसणार नाही, आणि मघा, चित्रा, रोहिणी यांच्याजवळ नकाशात नसलेला ठळक ‘तारा’ दिसला तर तो बहुधा ग्रह असतो. दुसरी खूण लुकलुकण्याची. तारा इतका दूर असतो की दुर्बिणीतूनही बिंदूच राहतो, आणि हवेच्या हलत्या थरांतून येताना त्याचा प्रकाश हेलकावे खातो. ग्रहाची तबकडी लहान का होईना, असते. तिच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे हेलकावे एकमेकांना भरून काढतात आणि प्रकाश शांत राहतो. क्षितिजालगत मात्र ग्रहही लुकलुकतो, कारण तिथे हवेचा थर फार जाड असतो.

शुक्राचं आणखी सोपं. तो सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही. मध्यरात्री माथ्यावर काहीतरी झगझगीत दिसलं तर त्याला काहीही म्हणा, शुक्र म्हणू नका.

अंधाराची सवय

घरातून बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटात ‘आज काही दिसत नाही’ म्हणून आत जाणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण ते काम फार थोडं. खरी तयारी डोळ्याच्या पडद्यावर होते. तिथे दोन प्रकारच्या पेशी आहेत. शंकूपेशींना रंग आणि बारकावे दिसतात, पण भरपूर उजेड लागतो. दंडपेशींना रंग कळत नाही, मात्र अत्यंत मंद प्रकाश पुरतो. दंडपेशींतलं प्रकाश टिपणारं द्रव्य उजेडात विरून जातं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात डोळ्याची क्षमता हजारो पटींनी वाढते. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा नीट पाहिलं की बरीचशी कमाई वाया जाते. दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही, म्हणून नकाशा वाचायला टॉर्चवर लाल जिलेटीन बांधतात.

ठळक तारे रंगीत दिसतात आणि मंद तारे सगळे पांढुरके, ते याच दोन पेशींमुळे. मृगातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर, कारण काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० अंश तापमानाचा आणि राजन्याचा त्याच्या तिपटीहून जास्त. हा फरक ओळखायला शंकूपेशी जागवेल एवढा प्रकाश या दोघांकडून येतो.

नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. म्हणून मंद वस्तू रोखून पाहिली की नाहीशी होते आणि जरा बाजूला पाहिलं की दिसते. या तिरक्या नजरेची सवय करायला सर्वांत चांगली जागा म्हणजे देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत दूरच्या वस्तूंपैकी एक. नोव्हेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन माथ्याजवळ असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. दोन तारे पुढे जा, मग काटकोनात शर्मिष्ठेच्या दिशेला वळा आणि आणखी दोन मंद तारे मोजा. दुसऱ्याच्या शेजारी लांबट पुसट डाग आहे. गावाबाहेरून, चंद्र नसताना, तो डोळ्यांनी दिसतो, आणि १० × ५० ची द्विनेत्री असेल तर उपनगरातूनही सापडतो. कार्तिक अमावास्येच्या दोन-चार दिवस आगेमागे जाणं सर्वांत बरं. त्या सुमारास पाऊस संपून बरेच दिवस झालेले असतात, हवा कोरडी असते, आणि संध्याकाळच्या आकाशात चंद्राची अडचण नसते.